एकच गल्ली, पुन्हा पुन्हा

मुंबईच्या गिरणगावात कॅमेरा घेऊन पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण एक फोटो काढतोच. पुढे चाळीची गॅलरी, तिच्यात वाळत घातलेले कपडे आणि मागे आभाळात गेलेला काचेचा टॉवर. करी रोडच्या पुलावरून तो मिळतो, लोअर परळला मिळतो, वरळीच्या बीडीडी चाळींपाशी तर कुठेही उभं राहिलं तरी मिळतो. फोटो खोटा नाही, पण तो इतक्या जणांनी काढलेला आहे की त्यातून त्या वस्तीबद्दल आता नवीन काही कळत नाही. चाळीत कोण राहतं, टॉवरमध्ये कोण, मधल्या रस्त्यावर सकाळी आठला काय चालतं, हे त्यात कुठेच नसतं. म्हणून पहिल्याच फेरीत तो एकदा काढून मोकळे व्हा आणि मग खऱ्या कामाला लागा.

हौशी छायाचित्रकाराकडे एक गोष्ट असते जी वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला सहसा मिळत नाही. त्याला पुन्हा पुन्हा त्याच जागी जाता येतं. बातमीचा फोटोग्राफर आग लागली, पूल पाडला, लालबागच्या राजाचं दर्शन सुरू झालं की येतो आणि संध्याकाळच्या आत फोटो देऊन दुसरीकडे जातो. काही न घडणाऱ्या मंगळवारी तिथे जायला कोणी त्याला पाठवत नाही. तुम्ही जाऊ शकता. बदलणाऱ्या वस्तीची छायाचित्रं करायची तर हीच तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे, आणि पुढचं सगळं सांगणं तिच्याभोवतीच आहे.

आधी हद्द ठरवा. 'गिरणगाव' हा विषय एका माणसाला झेपणारा नाही. त्यातला पाच-सात मिनिटांत चालून होईल एवढा तुकडा घ्या: करी रोड स्टेशनपासून लालबागच्या बाजारापर्यंतचा रस्ता, ना. म. जोशी मार्गाचा एखादा नाका, नायगावच्या बीडीडी चाळींमधलं एखादं मैदान. तुम्ही पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरात राहत असाल तर तिथली पेठ घ्या, मुंबईला यायची गरज नाही. फक्त तुकडा असा हवा की कामावर जाता-येता वाट वाकडी करून तिथे उतरता येईल. दीड तासाच्या प्रवासानंतर जिथे पोचता येतं, तिथे माणूस महिन्याभरात जाईनासा होतो.

पहिल्या दोन-चार फेऱ्यांत कॅमेरा पिशवीतच राहू दे. फिरा, चहा प्या, दुकानांच्या पाट्या वाचा. आणि घरी आल्यावर त्या जागेचा इतिहास वाचा, कारण तो ठाऊक नसेल तर डोळ्यांसमोरची निम्मी दृश्यं दिसतच नाहीत. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभी करायला घेतली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, डिलाइल रोड, वरळी हा पट्टा गिरण्यांनी आणि कामगारांच्या चाळींनी भरून गेला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातले कितीतरी पुन्हा कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करायची वाट मोकळी केली, २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टॉवरांना वेग आला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, तिची चिमणी मात्र आवारात उभी आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये मोठं पुस्तक केलं. गिरणगावात फोटो काढणाऱ्याने ते वाचलंच पाहिजे. ते वाचल्यावर रस्त्याकडेची एखादी लांबच लांब दगडी भिंत नुसती जुनी भिंत राहत नाही. ती गिरणीची भिंत असते, तिला फाटक कुठे होतं आणि फाटकाबाहेर पाळी सुटायच्या वेळी कोण उभं असायचं, हे तुम्ही शोधू लागता.

आता कशाचे फोटो काढायचे ते. इमारत पडते तेव्हा सगळ्यांचं लक्ष जातं, पण इमारतीच्या कितीतरी आधी बारीकसारीक गोष्टी नाहीशा होतात. त्यांच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही. खानावळीच्या भिंतीवरची दरांची पाटी. मंडळाचा फळा, ज्यावर शोकसभेपासून वर्गणीपर्यंत सगळं खडूने लिहिलेलं असतं. जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या नावांच्या पाट्या, त्यांच्यावर गावाचं नावही कधी कधी दिसतं. गॅलरीतली पाण्याची पिंपं, सामाईक नळ, कठड्याला बांधलेलं तुळशीचं डबडं, व्यायामशाळेतली घासून गुळगुळीत झालेल्या मुठींची जोडी. लालबागच्या मसाला गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत मिरच्यांच्या राशी आणि डंकांवर नंबर लावून बसलेल्या बायका. चिवडा गल्लीतल्या कढया. यातलं प्रत्येक स्वतंत्रपणे साधं वाटतं. दहा वर्षांनी त्याच पाटीवरचा राइस प्लेटचा दर हा तुमच्या संग्रहातला सगळ्यात जास्त निरखून पाहिला जाणारा फोटो असेल.

पुनर्विकासाचे टप्पेही टिपायचे असतात, कारण ते ठरावीक क्रमाने येतात. आधी सभेची नोटीस लागते, मग अभिनंदनाचा बॅनर, मग करार, मग एकेका खोलीला कुलूप. टेम्पो येतो, कपाट उतरवलं जातं, कोणी संक्रमण शिबिरात जातं, कोणी भाडं घेऊन कल्याण-डोंबिवलीकडे. मग पत्रे लागतात आणि पत्र्यांवर झाडं-तलाव असलेलं रंगीत चित्र. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या राहिल्या. म्हाडाच्या प्रकल्पात त्यांना ५०० चौरस फुटांची घरं मिळायची आहेत, आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्यासुद्धा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. फक्त हळहळीचे फोटो काढू नका. ज्या आजीने साठ वर्षं बाहेरचा संडास वापरला, तिला स्वतःच्या न्हाणीघराचं दार बंद करता येणं ही मोठी गोष्ट आहे. तिच्या नव्या घरातला फोटो काढला नाही आणि फक्त पडक्या जिन्याचा काढला, तर तुम्ही तिच्या आयुष्याबद्दल अर्धंच सांगितलंत. चाळ जावी की राहावी हे ठरवायचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा आहे; आपण तिथे जे आहे ते सगळं दाखवायचं.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात, कारण यावर गरजेपेक्षा जास्त वेळ जातो. फोन पुरेसा आहे. बहुतेक फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमी एवढी रुंद असते, म्हणजे माणसाच्या जवळ जावंच लागतं, आणि ते चांगलंच आहे. वेगळा कॅमेरा असेल तर २८ किंवा ३५ मिमीची एकच लेन्स लावून निघा. लांब पल्ल्याची झूम लेन्स घरी ठेवा. लांबून चोरून काढलेला चेहरा लगेच ओळखू येतो, आणि वस्तीतल्या लोकांनाही तुमचा हेतू लगेच कळतो. चालती माणसं टिपायची तर शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली येऊ देऊ नका, उजेड असेल तर अ‍ॅपर्चर एफ ८ वर ठेवा, फोकस दोन-अडीच मीटरवर कायम करा आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवा. म्हणजे बटनांशी खेळण्याऐवजी रस्त्याकडे पाहता येईल.

उजेडाचा अभ्यास मात्र आपल्याच तुकड्यात, आपल्याच पायांनी करावा लागतो. लालबागमधला डॉ. आंबेडकर रस्ता दक्षिणोत्तर जातो, त्यावर २०११ पासून उड्डाणपूल आहे, त्यामुळे खाली दिवसभर सावली आणि दोन्ही कडांना उन्हाच्या पट्ट्या. त्याला फुटणाऱ्या गल्ल्या पूर्व-पश्चिम, म्हणून सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन त्यांच्यात लांबवर आत येतं. दुपारी बारा ते तीनमध्ये रस्त्यावर माणसं कमी आणि चेहऱ्यांवर काळ्या सावल्या. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा तर भुवयांखाली काहीच दिसत नाही. ती वेळ दुकानांच्या आत, जिन्यांत, पाट्यांवर घालवा. चाळीच्या गॅलरीत उभ्या माणसाचा फोटो घेताना बाहेरचं आभाळ पांढरंफटक होतं. फोनवर उजेडाच्या भागावर बोट टेकवून तो थोडा खाली ओढा. अंधारातला तपशील नंतर वर काढता येतो, जळालेलं आभाळ परत येत नाही. आणि पावसाळ्यात घरी बसू नका. ढगाळ उजेड सगळ्यांवर सारखा पडतो, छपरांवर निळ्या ताडपत्र्या चढतात, पागोळ्यांखाली माणसं एकमेकांना खेटून उभी असतात. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते, पाच मिनिटं थांबा. बाकी एक प्लास्टिकची पिशवी आणि कोरडा रुमाल पुरतो.

माणसांकडे येतो, कारण या सगळ्यातला अवघड आणि महत्त्वाचा भाग हाच.

पुनर्विकासाची चर्चा चालू असलेल्या चाळीत कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न येतो, "बिल्डरकडून आलात का?" दुसरा, "सर्व्हे आहे का?" हा संशय रास्त आहे. तिथे कोण राहतं, पोटभाडेकरू कोण, पोटमाळा कधी टाकला, यावर लोकांची घरं ठरतात आणि फोटो हा पुरावा होऊ शकतो. म्हणून आधी मंडळाच्या कार्यालयात जा. संध्याकाळी तिथे कोणीतरी असतंच. नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, आधी काढलेले चार फोटो दाखवा, कशासाठी काढता ते साध्या शब्दांत सांगा. "काका, मी हौसेने काढतो, छापून तुम्हालाही आणून देईन" एवढं म्हणून ते पाळलंत तर पुढच्या वेळी तुमच्यासाठी खुर्ची पुढे येते. कोणी नको म्हणालं तर मान हलवून कॅमेरा खाली घ्यायचा. का नको, हे विचारायचंही नाही.

रस्त्यावरच्या माणसाचा फोटो विचारून काढावा की न विचारता, यावर छायाचित्रकार तासन्‌तास वाद घालतात. माझं मत असं: चालत्या गर्दीचं, नाक्यावरच्या हालचालीचं दृश्य असेल तर काढा, नजरानजर झाली की हसा आणि थांबा. एकच माणूस फोटोचा विषय असेल तर विचारा. "मावशी, असंच चालू द्या, मी इथे जरा उभा राहतो" म्हटलं की पहिली दोन मिनिटं मावशी पदर सावरून ताठ बसतील. तेही फोटो काढा, कारण स्वतःला कसं दाखवावंसं वाटतं हे त्यांत असतं. मग त्या पुन्हा मसाल्याकडे वळतील आणि तुम्हाला हवं ते मिळेल. चाळीची गॅलरी हा रस्ता नव्हे, ती घराची ओसरी आहे. सकाळची पाण्याची वेळ, मोरी, दुपारी उघड्या दारात टेकलेली बाई, यांच्याकडे खालून कॅमेरा रोखायचा नाही. मुलं स्वतःहून पुढे येतात, तरी आई-वडिलांपैकी कोणाला तरी दाखवून विचारल्याशिवाय त्यांचा फोटो कुठेही टाकू नका. झोपलेला, दारू प्यायलेला, रडणारा माणूस सोडून द्या. त्याला हो-नाही म्हणायची संधीच मिळालेली नसते.

कायद्याचं थोडं. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण खासगीपणाच्या क्षणी स्त्रीचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. रेल्वेच्या हद्दीत आणि जिथे मनाईची पाटी आहे तिथे परवानगीशिवाय फोटो काढू नका, हुज्जतही घालू नका. ड्रोनचा विचार सोडा, मुंबई पोलिसांचे त्यावर वेळोवेळी मनाईहुकूम असतात. फोटो एखाद्या जाहिरातीला द्यायचा असेल तर त्यातल्या माणसाची लेखी संमती घ्या.

पुन्हा त्याच जागी जाण्याबद्दल. तुमच्या तुकड्यातली आठ-दहा ठिकाणं नक्की करा आणि दर तीन-चार महिन्यांनी तिथून अगदी तोच फोटो काढा. 'तोच' म्हणजे नेमका तोच: तीच लेन्स, तीच उंची, शक्यतो तीच वेळ. जागा सापडायची युक्ती अशी, की जुन्या फोटोत जवळची एक कड आणि लांबची एक कड कुठे एकमेकींना छेदतात ते पाहा, उदाहरणार्थ विजेचा खांब आणि मागच्या खिडकीची चौकट. प्रत्यक्षात त्या दोन्ही तशाच जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. त्या ठिकाणी पायाखाली काय आहे ते वहीत लिहा, 'चहावाल्याच्या पायरीवर, गटाराच्या झाकणाच्या डावीकडे' असं. लोअर परळचा डिलाइल पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण खुला झाला. त्या पाच वर्षांत पुलाखालच्या एका कोपऱ्यावरून दर महिन्याला एक फोटो कोणी काढला असता तर दुकानदारांनी काय सोसलं ते वेगळं सांगावं लागलं नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा शंभर वर्षांहून जुना पूल वाहतुकीला बंद होऊन तिथलं पाडकाम सुरू झालं. तो परिसर तुमच्या वाटेवर असेल तर लगेच सुरुवात करा.

या पद्धतीचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या बफेलो शहरातलं आहे. मिल्टन रोगोविन हा चष्म्याचे नंबर काढणारा माणूस. त्याने १९७२ पासून आपल्या दवाखान्याजवळच्या गरीब वस्तीतल्या लोकांचे फोटो काढायला सुरुवात केली, विचारून, त्यांच्या दारात, त्यांच्या मनाप्रमाणे उभे राहू देऊन. प्रत्येकाला छापील फोटो नेऊन दिला. मग ऐंशीच्या, नव्वदच्या दशकांत आणि पुढेही तो त्याच कुटुंबांकडे जात राहिला. चार चौकटींत एक मूल मोठं माणूस होतं. आपल्याकडचं पाहायचं तर रघुवीर सिंग यांचं मुंबईवरचं १९९४ चं पुस्तक मिळवा आणि आरसे, काचा, दारं यांतून एकाच चौकटीत तीन-चार थर ते कसे बसवतात ते पाहा. सुधीर पटवर्धन यांची चित्रंही तितकीच शिकवतात. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत त्यांनी या शहराचे रस्ते रंगवले, त्यांचं 'लोअर परळ' २००१ चं आहे. त्यांच्या गर्दीतला प्रत्येक माणूस कुठेतरी निघालेला असतो, कोणीही नुसती जागा भरायला उभा नसतो. फोटोची चौकट तपासताना हाच निकष लावून पाहा.

गणेशोत्सवाचं वेगळं सांगायला हवं. 'लालबागचा राजा' १९३४ पासूनचा, गणेश गल्लीचा गणपती त्याहून जुना, आणि त्या दहा दिवसांत इथे लाखो कॅमेरे असतात. तुमचा फोटो त्यांच्यासारखाच येणार. त्याऐवजी महिनाभर आधी जा, मंडपाचे वासे उभे राहतात तेव्हा. वर्गणीच्या पावत्या फाडल्या जातात तेव्हा. आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी जा, कार्यकर्ते कनातीखाली झोपलेले असतात आणि रस्ता झाडला जात असतो. झोपलेल्यांबद्दल वर म्हटलं आहे, तेव्हा त्यांचा फोटो ते उठल्यावर, चहाच्या कपासकट काढा.

आता ज्या कामाचा सगळ्यांना कंटाळा येतो ते. नोंद नसलेला फोटो वीस वर्षांनी मुका होतो. घरी आल्यावर त्याच रात्री प्रत्येक निवडलेल्या फोटोखाली तारीख, नेमकी जागा, माणसाने सांगू दिलं असेल तर नाव, आणि त्याने बोललेलं एखादं वाक्य लिहा. फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग जागा असं नाव द्या, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. मूळ फाइल कधीच बदलू नका, रंग-छाया जे करायचं ते प्रतीवर. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मित्राकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते आणि तिच्यातली तारखेची माहितीही गळते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि फोटो छापा. फोनमधला फोटो दाखवून परत खिशात जातो. हातात दिलेला सहा बाय चारचा कागद देव्हाऱ्याशेजारी लागतो, शिबिरातल्या खोलीत जातो, नव्या घरातही जातो. ज्याचा फोटो, त्याला पहिली प्रत, हा नियम मोडू नका. मंडळाची स्मरणिका निघत असेल तर तिला नोंदींसकट फोटो द्या, खाली आपलं नाव असावं असा आग्रह जरूर धरा. चाळ रिकामी व्हायच्या आधी तिच्याच मैदानात, दोरीला चिमट्यांनी लावून, एका संध्याकाळचं प्रदर्शन भरवा. लोक फोटोंसमोर उभे राहून नावं सांगतील, चुकलेल्या तारखा दुरुस्त करतील, आणि "थांबा, आमच्याकडे पण आहेत" म्हणत पत्र्याच्या ट्रंकेतून लग्नाचे, संपाच्या मोर्चाचे, गिरणीच्या खात्यातले जुने फोटो आणतील. त्यांची परवानगी घेऊन तिथल्या तिथे ते सपाट ठेवून, सावलीत, वरून सरळ फोटो काढून घ्या आणि मूळ लगेच परत करा. त्यांच्या मागे लिहिलेलं असेल तर तीही बाजू घ्या.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला घराजवळच्या अशा एका गल्लीत जा, सोबत एक वही आणि पेन ठेवा, आणि नाक्यावरच्या दुकानदाराला तिथे आधी काय होतं ते विचारा. इमारतीवर नोटीस लागलेली दिसली तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका.